घरी केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची भुणभुण जात नाही, सप्लायचा बोर्ड नव्यानं करावा का?

गुणगुणता सांगलीकर | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. दोन महिन्यांपासून डोक्याला ताप झालाय, म्हणून धागा काढतोय.

एलएम३८८६ च्या दोन चिप लावून स्टीरिओ अ‍ॅम्प केलाय. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, ५ अँपियरचा, तांब्याची वाइंडिंग सांगून इथेच भरून घेतलेला. चिपचे दोन छोटे बोर्ड तयार मिळाले, गेन (सिग्नल किती पटीनं वाढतो तो आकडा) २१ आहे. सप्लायचा बोर्ड मात्र घरचा. ग्लास इपॉक्सीची एकतर्फी पाटी, लेझर प्रिंटची इस्त्री, फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून काढलेली. बाथरूमच्या फरशीवर पिवळा डाग कायमचा बसलाय आणि त्यावर घरात रोज एक वाक्य ऐकतोय, ते वेगळंच. ६ए४ चे चार डायोड, प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा एकेक कपॅसिटर, बस.

आवाज छान आहे, पण गाणं थांबलं की स्पीकरमधून भुणभुण. खोलीच्या दारात उभं राहिलं तरी कळते. कुणीतरी म्हणालं कपॅसिटर वाढव, म्हणून १०००० चे टाकले. साडेसहाशे रुपये गेले. भुणभुण होती तेवढीच राहिली, उलट जरा धारदार झाल्यासारखी वाटते.

आता नवा बोर्ड करायचा विचार आहे. प्रत्येक बाजूला तीन-तीन कपॅसिटर लावू? की रेग्युलेटर घालू? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

डायोडराव | शनिवार, रात्री ११:५८

४४४० या साध्या अ‍ॅम्प-चिपच्या बोर्डापासून सुरुवात न करता थेट ३८८६? अभिनंदन. आम्ही कॉलेजात असताना १२ व्होल्टचा बाइकच्या बॅटरीवर चालणारा ४४४० म्हणजे परमोच्च बिंदू होता. बॅटरीवर भुणभुण नाही, काही नाही.

माझं मत, २२००० टाकून मोकळे व्हा.

फक्त वाचक | रविवार, सकाळी ७:१५

एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगचा सप्लाय, घ्या ना राव. ट्रान्सफॉर्मरचा धोंडा कशाला वागवायचा?

जुना रेडिओवाला | रविवार, सकाळी ८:३०

डायोडराव, गडी सांगतोय की दुप्पट कपॅसिटर टाकून फरक पडला नाही. मग चौपट टाकून काय होणार? ताप उतरत नाही म्हणून गोळ्या दुप्पट करायच्या, तसलं झालं हे.

सांगलीकर, आधी चार गोष्टी बघून सांगा.

पहिली, ही भुणभुण ५० हर्ट्झची आहे की १०० ची? मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि फोन स्पीकरच्या कागदाजवळ धरा. ५० चा आवाज मऊ ‘घूं’ असतो, तो बहुधा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थचा फेरा (दोन वाटांनी अर्थला जोडल्यानं होणारं वर्तुळ) यातून येतो. १०० आणि त्याच्या वर २००, ३००, ४०० असे खांब दिसले तर ते डायोडच्या पलीकडचं दुखणं.

दुसरी, व्हॉल्यूम कमी-जास्त केल्यावर ती बदलते का?

तिसरी, एक जुनी आरसीए पिन घ्या, तिचा मधला खिळा आणि बाहेरची कडी एकमेकांना सोल्डर करा आणि ती इनपुटला लावा. आवाज राहतो का जातो?

चौथी, तेच पुन्हा करा, पण सॉकेटवर नाही, चिपच्या बोर्डावर. इनपुटची तार काढा आणि बोर्डाचा इनपुट त्याच बोर्डाच्या ग्राउंडला एक इंच तारेनं जोडा.

आणि हो, बोर्डाचा फोटो टाकता येत नसेल तर तांब्याच्या बाजूचं वर्णन लिहा. ग्राउंडची पट्टी कुठून कुठे जाते, किती रुंद, किती लांब. चित्रापेक्षा त्यात जास्त कळतं कधीकधी.

जर्सीतला पुणेकर | रविवार, सकाळी ९:०५

काका, आमच्याकडे ६० हर्ट्झ, त्यामुळे भुणभुण १२० ची. सूर थोडा वरचा, बाकी दुखणं तेच. मी इथे आल्यावर पुण्याहून आणलेला अ‍ॅम्प लावला, तर २३० चा ट्रान्सफॉर्मर १२० वर निम्माच चालला. तेव्हा कळलं की सामान बांधताना लोणच्यापेक्षा प्रायमरीची (मेन्सकडची) वाइंडिंग आधी बघायला हवी होती.

गुणगुणता सांगलीकर | रविवार, दुपारी ४:२०

काका, सगळं करून बघितलं.

१०० ला मोठा खांब, २०० आणि ३०० पण ठळक, ५० ला जवळजवळ काही नाही. व्हॉल्यूमनं अजिबात फरक नाही. सॉकेटवर इनपुट बंद केला तरी आवाज जसाच्या तसा.

पण चौथ्या चाचणीत आवाज गेला! म्हणजे कान स्पीकरला लावला तरी फक्त थोडी हवा वाहल्यासारखी सळसळ. मीटरच्या मिलिव्होल्ट एसी रेंजवर स्पीकरच्या टोकांना आधी ३४ मिलिव्होल्ट येत होते, ते अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली. मला यातलं काहीच कळलं नाही. सप्लाय तोच, कपॅसिटर तेच, मग गेला कसा?

बोर्डाचं वर्णन: दोन्ही कपॅसिटर शेजारी शेजारी, त्यांचे ग्राउंडचे पाय जोडणारी पट्टी ३ मिलिमीटर रुंद, ४५ लांब. ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (मधली ० ची तार) धन बाजूच्या कपॅसिटरपाशी येतो. तिथेच चिपच्या दोन्ही बोर्डांचं ग्राउंड आणि स्पीकरची परतीची तार. ऋण बाजूच्या कपॅसिटरपाशी जागा मोकळी होती, म्हणून इनपुट सॉकेट आणि व्हॉल्यूमचं ग्राउंड तिकडे घेतलं. शिल्डेड वायरची जाळी फक्त व्हॉल्यूमच्या टोकाला जोडली आहे. जाळी दोन्ही टोकांना जोडू नये असं कुठंतरी वाचलं होतं.

नाशिकची ठिणगी | रविवार, सायंकाळी ५:१०

सापडलं! काका लिहितीलच, पण मला राहवत नाही. ती ४५ मिलिमीटरची पट्टीच चोर आहे.

जुना रेडिओवाला | रविवार, रात्री ९:००

ठिणगीताईंनी बरोबर बोट ठेवलं. आता सविस्तर लिहितो, जेवण झालंय.

कपॅसिटर सतत भरत नसतो. दर १० मिलिसेकंदांत जेमतेम दीड-दोन मिलिसेकंद डायोड उघडतो आणि तेवढ्यात सगळी भरपाई होते. तुमच्या दोन चिप गप्प बसल्या असताना मिळून साधारण १०० मिलिअँपियर घेतात, ३८८६ ची एकेक चिप विनासिग्नल ५० च्या आसपास पिते. म्हणजे सरासरी ०.१ अँपियर, पण तो झटक्यांनी भरायचा तर झटका पाऊण-एक अँपियरचा होतो.

हा झटका कुठून वाहतो? बऱ्याच जणांना वाटतं सेंटर टॅपमधून. दोन्ही बाजूंचा भार सारखा असेल तर तसं होत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकातून निघतो, डायोडमधून धन कपॅसिटरमध्ये, तिथून ग्राउंडच्या पट्टीनं ऋण कपॅसिटरमध्ये आणि दुसऱ्या डायोडमधून ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला. सेंटर टॅप नुसता बघत बसतो. म्हणजे सगळा झटका त्या ४५ मिलिमीटरमधून.

आता हिशोब. ३५ मायक्रॉन तांब्याचा चौरस, कुठल्याही मापाचा असो, साधारण अर्धा मिलिओहम. तुमच्या पट्टीत ३ बाय ३ चे १५ चौरस बसतात, म्हणजे साडेसात मिलिओहम. त्यातून ०.८ अँपियरचा झटका गेला की दोन टोकांमध्ये ६ मिलिव्होल्ट. ऐकायला क्षुल्लक. पण इनपुटचं ग्राउंड एका टोकाला आणि चिपच्या बोर्डाचं ग्राउंड, म्हणजे फीडबॅकचा (आउटपुटचा अंश परत आणून इनपुटशी ताडणाऱ्या जोडणीचा) खालचा रेझिस्टर, दुसऱ्या टोकाला! चिपच्या दृष्टीनं ते ६ मिलिव्होल्ट म्हणजे गाणंच. ती इमानेइतबारे २१ पटीनं मोठं करून देते. सव्वाशे मिलिव्होल्टचं टोक. झटका अरुंद असतो, म्हणून मीटर त्याचे ३४ दाखवतो.

सराफाचा काटा एसटी स्टँडच्या फलाटावर मांडल्यासारखं हे आहे. काट्यात खोट नाही, सोन्यात खोट नाही, गाडी आली की पारडं हलतंय.

चौथ्या चाचणीत इनपुट आणि फीडबॅक दोन्ही एकाच ठिकाणी उभे राहिले, म्हणून आवाज गेला. आणि १०००० टाकल्यावर धारदार का झाला तेही यातच आलं. मोठा कपॅसिटर कमी उतरतो, त्यामुळे डायोड उघडा राहायची वेळ आणखी आखडते आणि तेवढीच भरपाई जास्त टोकदार झटक्यानं होते.

राहिली कपॅसिटरवरची लाट. गप्प असताना ४७०० वर ती ०.२ व्होल्ट असेल. या चिपच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) सप्लायची लाट दाबायची क्षमता धन बाजूला १२० आणि ऋण बाजूला १०५ डेसिबल दिली आहे. ते आकडे डीसीचे, १०० हर्ट्झला कमी पडतील, तरी ०.२ व्होल्टचं काहीही ऐकू येण्याइतकं उरत नाही. म्हणून रेग्युलेटरचा नाद सोडा.

डायोडराव | रविवार, रात्री ९:२२

२२००० मागे घेतो. 🙏

पण काका, पट्टीवर जाड सोल्डर चढवून काम नाही भागणार? चायनीज बोर्डांवर करतात तसं.

जुना रेडिओवाला | रविवार, रात्री ९:४०

भागतं, पण वाटतं तेवढं नाही. सोल्डरचा रोध तांब्याच्या आठ-नऊ पट. अर्धा मिलिमीटर थर चढवला तरी तो साठेक मायक्रॉन तांब्याएवढाच. त्यापेक्षा घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सोला आणि पट्टीवर आडवी झोपवून डाग मारा. तुमच्या पट्टीचा छेद ०.१ चौरस मिलिमीटर आहे, तार त्याच्या १५ पट.

नाशिकची ठिणगी | सोमवार, सकाळी १०:१५

तारेनं आवाज खूप कमी होईल, पण मूळ चूक जोडणीची आहे, ती तशीच राहील. नवा बोर्ड करणार असाल तर मी तो असा काढीन.

दोन कपॅसिटरचे ग्राउंडचे पाय समोरासमोर आणा, जितके जवळ येतील तितके. मधली पट्टी नाही, तांब्याचं चांगलं रुंद पटांगणच ठेवा. सेंटर टॅप बरोबर मध्यावर. त्याच मध्यातून बाजूला दोन-तीन सेंटिमीटरची एक शेपटी काढा, इंग्रजी टी सारखी, आणि तिच्या टोकाला सगळी ग्राउंडं घ्या. स्टार ग्राउंड म्हणतात तो हा शेपटीचा शेंडा, कपॅसिटरचा पाय नाही. शेपटीतून झटका वाहतच नाही, त्यामुळे तिथे सगळं शांत.

इनपुटचं ग्राउंड सप्लायच्या बोर्डावर आणूच नका. शिल्डेड वायरच्या जाळीनंच ते चिपच्या बोर्डावर जाऊ द्या, जाळी दोन्ही टोकांना जोडा. “एकाच टोकाला जोडा” हा सल्ला आत वेगळी ग्राउंडची तार असलेल्या दोन तारांच्या केबलसाठी असतो. तुमच्या एक तारेच्या केबलमध्ये जाळी हीच परतीची वाट, ती तोडल्यावर सिग्नल सप्लायच्या बोर्डावरून वळसा घालून परत येणार.

स्टीरिओ असल्यामुळे दोन्ही जाळ्या सॉकेटपाशी एकत्र आल्या की एक छोटा फेरा तयार होतो. चिपच्या बोर्डावर सिग्नल ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड वेगळं काढता आलं तर त्यांच्यामध्ये १० ओहम घाला. आणि दोन्ही चॅनेलच्या तारा एकत्र पिळून न्या.

डायोड ६ए४ चालतील, पण मी २५ अँपियरचा चौकोनी ब्रिज, केबीपीसी२५१०, चॅसिसला बोल्टनं बसवीन. मग बोर्डावर एसीच्या तारा येतच नाहीत, त्या ब्रिजपाशीच पिळून संपतात. ब्रिजच्या एसी टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. डायोड बंद होतानाची किरकिर ऐकायची असेल तर घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तो मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत ठेवून अ‍ॅम्पजवळ न्या.

दर्याकाठ | सोमवार, दुपारी १:३०

मध्येच विचारतो. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला संध्याकाळी १९० व्होल्ट आणि रात्री बारानंतर २५०. २४-०-२४ वर ३५ व्होल्टचे कपॅसिटर चालतील का? दुकानदार म्हणतो चालतात.

नाशिकची ठिणगी | सोमवार, दुपारी २:०५

नाही हो! २४ गुणिले १.४१४ म्हणजे ३४, हे झालं पूर्ण भारावर आणि २३० असताना. भार नसला की ट्रान्सफॉर्मर २६ देतो, लाइन २५० झाली की २८. मग ३९ व्होल्ट. ५० चे घ्या, ६३ चे मिळाले तर उत्तम.

सांगलीकर, तुमच्या बाजूंवर किती येतात?

गुणगुणता सांगलीकर | सोमवार, रात्री ८:५०

३७.४ आणि ३७.३, लाइन २४० असताना. स्पीकर ८ ओहमचे आहेत.

आणखी एक गंमत. बाजारातून आणलेले १०००० चे कपॅसिटर मित्राच्या मीटरवर मोजले तर ६२०० आणि ६४०० निघाले. एकाचं वरचं प्लास्टिक ब्लेडनं सोललं, तर आत दुसऱ्याच रंगाचं प्लास्टिक. दुकानाचं नाव घेत नाही, पण हातात घेतल्यावर हलका लागला होता तेव्हाच शंका यायला हवी होती.

जुना रेडिओवाला | सोमवार, रात्री ९:३०

८ ओहमला ३७ चालेल, ४ ओहमचे जोडू नका. ४ ओहमसाठी डेटाशीट २८ व्होल्ट धरतं, त्यावर ६८ वॉट देतं. वर गेलात की चिप स्वतःला वाचवायला आवाज तोडत बसते आणि हीटसिंकवर पापड भाजून निघतो.

कपॅसिटरच्या बाबतीत जुनाच ४७०० चांगला असेल तर प्रत्येक बाजूला दोन लावा आणि मध्ये ०.२२ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर. झटके पहिल्यानं खायचे, दुसऱ्यानं चिपला शांतपणे द्यायचं. २ अँपियरला अर्धा व्होल्टही जात नाही. आणि चिपच्या पायांपाशी मात्र काटकसर नको. डेटाशीट ०.१ मायक्रोफॅरड, १० आणि ४७० किंवा जास्त असं सांगतं, तो ०.१ चा पायाला चिकटूनच हवा. दहा सेंटिमीटर तारेच्या पलीकडे ठेवलेला नसल्यात जमा.

ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारे रेझिस्टर, लावलेत का?

गुणगुणता सांगलीकर | सोमवार, रात्री ९:४५

नाही लावले. 😬

जुना रेडिओवाला | सोमवार, रात्री १०:००

मग आज लावा, नवा बोर्ड होईल तेव्हा होईल. प्रत्येक बाजूला २.२ के, २ वॉट. साडेसदतीस व्होल्टला त्यात साधारण ०.६ वॉट जळतात, म्हणून पाव वॉटचा लावू नका. चिपकडचा फ्यूज उडाला तर कपॅसिटर रिकामे करणारं दुसरं कोणी नसतं. बोर्ड अर्ध्या तासानं हातात घेतला तरी ते भरलेलेच. माझ्या एका स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला त्यानं खड्डा पाडलाय, तो मी मुद्दाम टाकलेला नाही, येणाऱ्या पोरांना दाखवतो.

आणि नवा बोर्ड पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून, चालू करा. ६० चा पिवळा बल्ब, एलईडी नव्हे. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर हात मागे.

फक्त वाचक | मंगळवार, सकाळी ७:४०

कॅबिनेट पत्र्याचं आहे. थ्री-पिनची अर्थ काढून टाकली तर भुणभुण जाते असं एका व्हिडिओत पाहिलं.

नाशिकची ठिणगी | मंगळवार, सकाळी ९:१०

कधीही काढू नका. प्रायमरीचं इन्सुलेशन फाटलं तर पत्र्यावर २३० येतील आणि फ्यूज उडणारच नाही. अर्थ पत्र्याला थेट, वेगळ्या बोल्टनं, खालचा रंग खरवडून. सेट टॉप बॉक्स जोडल्यावर अर्थच्या फेऱ्याचा ‘घूं’ आला तर स्टारपासून पत्र्यापर्यंतची जोड १० ओहम आणि त्याला समांतर उलटसुलट दोन दणकट डायोड यांतून घ्या. पत्र्याची अर्थ मात्र तशीच.

गुणगुणता सांगलीकर | पुढचा रविवार, सायंकाळी ६:३०

झालं एकदाचं! क्रमानं सांगतो, कारण प्रत्येक पायरीला मीटर लावला होता.

आधी जुन्याच बोर्डावर तांब्याची तार झोपवली. ३४ चे २.३ मिलिव्होल्ट झाले. मग इनपुटचं ग्राउंड सप्लायवरून सोडवून जाळी दोन्ही टोकांना जोडली, ०.५. इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं, पण पाटी आणून ठेवली होती.

नवा बोर्ड गच्चीवर एच केला (फेरिक क्लोराइडमध्ये बुडवला), बाथरूममध्ये नाही. यावेळी तांबं शक्य तेवढं ठेवलं, नुसत्या फटी खोदल्या. केमिकल कमी लागतं आणि पट्टी आपोआप रुंद राहते. मधलं पटांगण १८ मिलिमीटर रुंद, पाय एकमेकांपासून १२ वर, शेपटी २५ ची. जुने ४७०० चे दोन आणि त्याच छापाचे दोन नवे, मोजून घेतलेले, वजन करूनसुद्धा. ब्लीडर २.२ के. ब्रिज पत्र्याला.

एक घोळ झाला. इस्त्री करताना छापा उलटा घेतला आणि धन-ऋण अदलाबदल झाली. सिरीज बल्ब लावायच्या आधी मीटरनं तपासलं म्हणून चार कपॅसिटर वाचले. काका, तुमचा खड्डा पडलेला स्क्रूड्रायव्हर आठवला होता त्या वेळी. पाटी दुसऱ्यांदा केली.

आता ०.३ मिलिव्होल्ट, माझा मीटर याच्या खाली विश्वासाचा नाही. कान स्पीकरच्या जाळीला टेकवला तर सळसळ, बाकी काही नाही. मुलगी येऊन विचारून गेली, “बाबा, बंद आहे का?”

डायोडराव | पुढचा रविवार, सायंकाळी ७:०५

छापा पीडीएफमध्ये टाका की राव. सुलटा.

गुणगुणता सांगलीकर | पुढचा रविवार, सायंकाळी ७:२०

टाकतो उद्या. त्यावर “तांब्याची बाजू” असं उलट्या अक्षरांत लिहिलंय, पाटीवर उतरल्यावर सरळ वाचता आलं तरच बुडवा.